स्वारपट्टी

माघ लागला आणि स्वारपट्टीतली ज्वारी वाळून खडखडायला लागली. त्या साली परतीच्या पावसानं नुसतं तोंड दाखवलं होतं. हिवरगावच्या माळावरच्या रानांत कणसं पोचट निघाली होती; पण मांजरेच्या काठाची ही काळी पट्टी ओल सोडत नव्हती. तिच्यात माणूस हरवेल अशी ताटं उभी होती.

उत्तरेश्वर, त्याची बायको मनकर्णा आणि सालदार शहादेव दिवस उगवल्यापासून ज्वारी उपटत होते. वाकायचं, ताट बुडाशी मुठीत धरायचं, टाच रोवायची आणि हिसका द्यायचा. उन्हं वर येईतोवर तळहात सोलून निघायचे. मागून शहादेवची आई छबुबाई पेंढ्या बांधत यायची. साठीची म्हातारी, पण तिच्या हाताची गाठ कधी सुटायची नाही.

शहादेव मधेच बांधावर बसला. पायात धसकट घुसलं होतं, ते काढत होता.

"बसलास का?" उत्तरेश्वर न वळताच बोलला. "शेवटी पळपुट्याचंच रगत. कामाच्या मधीच बसायचं."

धसकट उपसून शहादेवनं रक्तावर माती दाबली आणि उठला. छबुबाईनं मान वर केली नाही. हे बोलणं तिला भाकरीसारखं रोजचं होतं. तिचा बाप बंकट सत्तावनच्या गदराच्या साली लढाईच्या वाटेवरून पळाला, तेव्हा ती अंगावर पीत होती. तेव्हापासून गाव तिला पळपुट्याची छबी म्हणत आलं होतं. लग्न झालं, नवरा घरजावई आला, लेक झाला. तरी नाव तेच राहिलं.

आणि तो बंकट ज्याच्या चाकरीतून पळाला, तो सटवा म्हणजे उत्तरेश्वरचा आजा. गदराच्या साली हिवरगावातून एकटा सटवा रिसाल्यात स्वार झाला होता. घरचं घोडं घेऊन आंब्याच्या छावणीत गेला, तिथून पार उत्तरेकडं लढाईवर. घोड्याची उस्तवार करायला बंकटला संगं नेलं होतं, तर तो वाटेतच पसार झाला, असं आजाच सांगायचा. आजा परत आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. त्या बोटांच्या बदल्यात सरकारनं नदीकाठची पट्टी इनाम दिली. दसऱ्याला गावाची हत्यारं पुजली की पहिला टिळा सटवाच्या त्या हाताला लागायचा. उत्तरेश्वर लहानपणी आजाच्या मांडीवर बसून ती गुळगुळीत खुंटं चाचपायचा. आजा गेला, बाप गेला, पण सोन्याचं पहिलं पान अजून याच घराला मिळत होतं.

दुपारी भाकरी सोडायच्या वेळेला चावडीचा शिपाई बांधावर आला.

"उत्तरेश्वरदादा, अर्जुनरावानं दरख्वास्त दिलीया. म्हणतो, ह्या पट्टीची सनद कुणी बघितली न्हाई. तहसीलदार साहेब मुक्कामी येणार हाईत, तवा पुरावा मांडा. न्हाई तर जमीन सरकारात."

अर्जुनराव गावचा मोठा जमीनदार. पट्टीच्या दोन्ही अंगांनी त्याचं रान होतं. मधली ही काळी वीत त्याच्या डोळ्यात सलायची; ती सरकारात गेली की लिलावात घ्यायचा त्याचा बेत होता.

"सनद आमच्या घराला आग लागली तवा जळाली," उत्तरेश्वर म्हणाला. "सगळ्या गावाला ठाऊक हाय."

"गावाला हाय. साहेबाला कागद लागतो."

संध्याकाळी घरी आल्यावर उत्तरेश्वर पाय धुतानाच म्हणाला, "माय, म्या उद्या आंब्याला जातो. छावणीच्या दफ्तरात आज्याची नोंद असंलच."

भिवराबाई चुलीपुढं होती. तव्यावरची भाकरी उलटायची विसरली.

"कशाला जातूस?"

"कशाला म्हंजी? जमीन राखायला."

"जाऊ नगं," ती म्हणाली. "गेली तर जाऊ दे ती पट्टी."

उत्तरेश्वरला वाटलं, म्हातारी थकली, बुद्धी चळली. मनकर्णानं सासूकडं चमकून बघितलं. भाकरी करपली.

*

आंब्याचं सरकारी नाव मोमिनाबाद. छावणी उठून बरीच वर्षं झाली होती. घोड्यांच्या लांबलचक पागा तशाच उभ्या होत्या, पण दावणींना आता शेरडं बांधलेली. कवायतीच्या मैदानात कुणी गोवऱ्या थापल्या होत्या. उत्तरेश्वर विचारत विचारत एका कचेरीत पोचला. तिथला मुन्शी पानाचा तोबरा भरून बसला होता.

"रिसाल्याचे कागद?" तो हसला. "रिसाला गेला तसे कागदबी गेले. गाड्या भरून हैदराबादकडं, बोलारमला नेले. तिकडं अर्ज कर. तुझ्या नातवाला जवाब येईल."

उत्तरेश्वर उभाच राहिला. त्याचं तोंड बघून मुन्शीनं खिडकीतून पिंक टाकली आणि आवाज उतरवला.

"गदराच्या सालचा एक म्हातारा उरलाय. दाऊदमियाँ दफेदार. मशिदीच्या मागं राहतो, दोऱ्या वळतो. जा, विचार त्याला. त्याची गवाही साहेब मानतील."

दाऊदमियाँ अंगणात बसून अंबाडीचा सोल मांडीवर वळत होता. दाढी पांढरीशुभ्र, डोळ्यांवर सायीसारखा पडदा आलेला. उत्तरेश्वरनं गावाचं नाव सांगितलं, आजाचं नाव सांगितलं, तसा म्हाताऱ्याच्या हातातून दोरी गळून पडली.

"हिवरगावचा सटवा? त्याचा नातू तू?" तो चाचपडत उठला. "ये बाबा, ये. कवाची वाट बघतोय, त्याच्याकडचं कुणी येईल म्हणून."

त्यानं उत्तरेश्वरला छातीशी धरलं. पागा ओस पडल्या, कागद गेले, पण आजाला ओळखणारा एक माणूस जिता होता. म्हाताऱ्यानं त्याचे खांदे चाचपले, मग हात वर नेत डोकं शोधलं.

"तू उंच हाईस की रे. आजीवर गेलास का? सटवा तर माझ्या काखेत मावायचा."

उत्तरेश्वर हसला. "न्हाई बाबा. आजा उंच व्हता. दारातनं वाकून यायचा."

"कोण, सटवा?" दाऊदमियाँ पण हसला. "अरे, बुटका, काळाशार. तोंडावर देवीचे वण. पहिल्या दिवशी घोड्यावर चढंना. आमी हसलो, तर म्हणाला, मालकाचं घोडं हाय, मला वळखीत न्हाई. मी म्हणलं, मालक कोण बे? स्वार तर तूच. तर गप बसला."

"तुमी दुसऱ्याच कुणाचं सांगायलात," उत्तरेश्वर म्हणाला. "आमचा आजा गोरा व्हता. वण न्हवते."

"हिवरगावचा दुसरा कोण व्हता आमच्यात? एकच. हाजिरीला 'सटवा' पुकारलं की तोच हाजिर म्हणायचा." म्हाताऱ्यानं आपला उजवा हात पुढं केला आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट मुडपलं. "ही दोन गेली त्याची. तलवारीचा वार आला तो माझ्यावर. यानं मधी हात घातला. मी माझा फेटा फाडून बांधला. पुढं हात सुजला, तवा साहेबानं सुट्टीचा कागद दिला. त्याला घोड्यावर बसवून वाटंला लावला तो मीच. म्हणलं, जा, घरी जाऊन नीट हो."

तीच दोन बोटं. उत्तरेश्वरच्या हाताला ती खुंटं आठवली. बोटं तीच, गाव तेच, नाव तेच, आणि माणूस मात्र भलताच. तो अंगणातल्या लिंबाला टेकला.

"पाणी देऊ का?" म्हातारा विचारत होता. "आन् त्याची लेक कशी हाय? मोठी झाली असंल. म्हातारी झाली असंल की. रोज तिचंच सांगायचा. छबू, छबू, छबू. आमी त्याला छबूचा बापच म्हणायचो."

उत्तरेश्वरच्या आजाला लेक नव्हती. एकच पोरगा होता, उत्तरेश्वरचा बाप. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, हे बरं झालं.

"हाय," तो कसाबसा म्हणाला. "जिती हाय."

"शुकर हाय," दाऊदमियाँ म्हणाला. "तू गाडी पाठव. मी येतो गवाहीला. सटवाच्या घरासाठी नाही येणार तर कुणासाठी येणार?"

*

परतीची वाट उत्तरेश्वरनं कशी काटली ते त्याचं त्याला कळलं नाही. ओढ्यात उतरला तेव्हा वहाणा काढायचं सुद्धा सुचलं नाही. घरी आला तेव्हा भिवराबाई अंगणात तुरी पाखडत होती. मनकर्णा खळ्यावर होती. तो आईच्या पुढ्यात मातीतच बसला.

"माय, लढाईवर कोण गेलतं?"

सूप थांबलं. भिवराबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि तिला कळलं की आता लपवून उपयोग नाही.

"म्हणलं व्हतं, जाऊ नगं," ती म्हणाली.

"तुला ठाऊक व्हतं?"

"घरात आलेल्या सुनंला समदं ठाऊक व्हतंय. कुणी इचारलं तर सांगायचं. कुणी इचारलं न्हाई."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग खालच्या आवाजात, कुणा तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मामंजींनी, म्हणजे सटवानं, हौसेनं स्वारीसाठी नाव दिलं होतं. पण घोड्यावर खोगीर चढवायची वेळ आली आणि त्यांना कापरं भरलं. बंकट घरचा गडी. त्याला म्हणाले, माझं नाव घेऊन तू जा. परत आलास की बैलजोडी तुझी. छावणीत दोघांना कुणीच बघितलं नव्हतं. बंकट गेला. मामंजी नदीपलीकडं तांदूळवाडीला, सासुरवाडीत, कणगीमागं लपून बसले.

"मग बंकट पळाला कुठं?"

"पळाला न्हाई. माघारी आला. अंधार पडल्यावर थेट तांदूळवाडीला आला, मामंजी तिथंच हाईत म्हणून. हात सडला व्हता, अंगात ताप. त्येला गोठ्यात निजवला. वैद्य आणला असता तर गाव गोळा झालं असतं. म्हणून न्हाई आणला."

उत्तरेश्वर आईच्या तोंडाकडं बघत राहिला.

"केसरला बोलवा म्हणत व्हता," भिवराबाई म्हणाली. "त्याची बायकू. केसर ह्या काठाला धुणं धूत व्हती. तिच्या दगडाचा आवाज गोठ्यात ऐकू येत व्हता, आत्याबाई सांगायच्या. तरी न्हाई बोलावलं. दोन दिसांत मेला. नदीच्या वाळवंटात जाळला, वाटसरू म्हणून."

"आन् आज्याची बोटं?"

तुरीवर एक चिमणी उतरली, तिला भिवराबाईनं हाकललं.

"कागदावर बोटं लिवली व्हती. कागद दाखवून इनाम घ्यायचं तर हात बी तसा पायजे. कडबा तोडायच्या ठोकळ्यावर हात ठिवला. कुऱ्हाड आत्याबाईच्या हातात दिली. दुसऱ्या बोटाला दोन घाव लागले."

उत्तरेश्वर उठला आणि परसात जाऊन त्यानं रांजणातलं पाणी तोंडावर मारलं. ज्या हातानं आजानं त्याला काला भरवला होता, तो हात राहून राहून डोळ्यांपुढं येत होता. तो परत आला तेव्हा भिवराबाई पुन्हा तुरी पाखडत होती.

"भ्याले, त्याचं काय न्हाई," ती म्हणाली. "माणूस भितंच. पर त्येला पळपुटा म्हणायला नगं व्हतं."

मनकर्णाला त्यानं सांगितलं तेव्हा तीही सुन्न झाली. पण तिच्या पोटाला पोरं होती, ती लवकर सावरली.

"त्या म्हाताऱ्याला येऊ द्या," ती म्हणाली. "त्येला दिसत न्हाई. तो काय खोटं बोलायला न्हाई, तुमी बी न्हाई. सटवा व्हता, बोटं गेली, एवढंच साहेब इचारणार. जमीन राहू द्या. मग छबुमावशीला निम्मी ज्वारी देत जाऊ सालोसाल. चावडीत मातर बोलू नगा."

"निम्मी ज्वारी," उत्तरेश्वर म्हणाला.

"मग काय करता? दोघांनी बी उपाशी मरायचं का?"

तिचं बोलणं चुकीचं नव्हतं. तो रात्रभर तळमळला, सकाळी उठून छबुबाईच्या झोपडीकडं निघाला. मनकर्णा दारात उभी राहून बघत होती. तिनं अडवलं नाही, पण आत जाऊन भांडी आपटली.

*

छबुबाई जात्यावर बसली होती. मालक दारात आलेला बघून ती गडबडीनं उठायला लागली.

"ऱ्हाऊ द्या, मावशी. बसा." उत्तरेश्वर उंबऱ्याच्या आत आला आणि जमिनीवर बसला. या घरात तो आजवर उंबऱ्याच्या आत आला नव्हता. म्हातारी घाबरली.

"शहादेवानं काय केलं का?"

"न्हाई."

त्यानं सांगितलं. आधी शब्द सापडत नव्हते, मग थांबवता येईनात. सांगताना तो जात्याच्या खुंट्याकडं बघत होता. कुऱ्हाडीचंही सांगितलं. नदीच्या काठावरच्या धुण्याचंही सांगितलं. संपलं तेव्हा झोपडीत नुसता शेरडाच्या रवंथाचा आवाज येत होता.

मग छबुबाईनं विचारलं ते भलतंच.

"तांदूळवाडीचा कंचा गोठा? हिरीकडचा, का चिंचखालचा?"

"चिंचखालचा असंल. जुना तोच हाय."

"म्या त्यातलं शेण काढलंय," ती म्हणाली. "तुमच्या आजीच्या माहेरी म्या चार सुग्या शेणाला जायची. पोटुशी व्हते तवा बी." तिनं आपल्या तळहाताकडं बघितलं. "बाप मेला ती भुई म्या सारवली."

उत्तरेश्वरनं मान खाली घातली.

"आन् माय," छबुबाई म्हणाली आणि तिचा आवाज एकदम पोरीसारखा बारीक झाला. "माय रोज कुकू लावायची. बाया हसायच्या, की नवरा तोंड काळं करून गेला अन् ही नटतीया. ती म्हणायची, मेला आसं कुणी सांगितलं का मला? मरताना बी मळवट भरला आमी तिचा. हिरवं लुगडं नेसवून जाळली. ती रांडमुंड व्हती मालक. चाळीस वर्सं रांडमुंड व्हती अन् तिला कुणी सांगितलं न्हाई."

ती रडली नाही. तिनं जात्यात मूठभर दाणे टाकले, खुंटा धरला, पण जातं फिरवलं नाही.

शहादेव दारात येऊन उभा होता. कधी आला, किती ऐकलं, कळलं नाही. उत्तरेश्वर उठून त्याच्याकडं गेला.

"शहादेवा…"

शहादेवनं पायातल्या वहाणा काढल्या. सालाच्या ठरावात मालकानं दिलेल्या होत्या. त्या त्यानं उत्तरेश्वरच्या पायांपुढं जोडीनं नीट ठेवल्या. मग डोक्याचं मुंडासं सोडलं, तेही घडी करून वर ठेवलं.

"उद्यापसून येणार न्हाई," तो म्हणाला. "खळं तुमचं तुमी बघा."

"म्या चावडीत सांगतो समदं."

"सांगा का नका सांगू," शहादेव म्हणाला. "तुमी परवा बी मला पळपुट्याचं रगत म्हणलाव. तवा तुमाला ठाऊक न्हवतं, हे खरं. पर म्हणताना ग्वाड वाटत व्हतं ना?"

वहाणा तिथंच टाकून उत्तरेश्वर घरी आला. नंतरचे दिवस तो आणि मनकर्णा दोघंच खळ्यावर राबले. कणसं खुडली, बैलांची पात धरली, वारं बघून उपणलं. नवराबायको एकमेकांशी कामापुरतं बोलत होते. धान्याची रास पडली, पण दरसालसारखा तिला कुणी नारळ फोडला नाही.

*

तहसीलदारांचा तंबू चावडीपुढच्या वडाखाली लागला. साहेब हैदराबादकडचे, टोपी घातलेले, मराठी समजायचे पण बोलायचे उर्दू. शेजारी पेशकार कागद घेऊन बसला. सगळं गाव जमलं होतं. अर्जुनराव घोंगडीवर पुढं, स्वच्छ फेट्यात. छबुबाई आणि शहादेव पार मागं, जनावरं बांधायच्या खुंटांजवळ.

दाऊदमियाँला गाडीतून उतरवून साहेबापुढं आणलं. म्हाताऱ्यानं ताठ उभं राहून सलाम केला. पेशकारानं विचारलं, हिवरगावचा सटवा तुमच्या रिसाल्यात होता का?

"व्हता. माझ्या शेजारचा स्वार."

"जखमी झाला?"

"उजव्या हाताची दोन बोटं गेली. माझ्यावरचा वार त्यानं झेलला."

पेशकारानं गावाकडं वळून विचारलं, सटवाची बोटं नव्हती हे कुणी बघितलंय? म्हाताऱ्या माणसांनी एकामागून एक हात वर केले. आमी बघितलंय, आमच्या हातानं टिळा लावलाय. अर्जुनरावाच्या कपाळाला घाम आला. साहेबांनी मान डोलावली आणि पेशकाराला लिहायची खूण केली.

मनकर्णा बायांत उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता आणि ती नवऱ्याकडं एकटक बघत होती. उत्तरेश्वरनं तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय मागं आला असता, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

"साहेब, थांबा," तो म्हणाला. "हा बाबा खरं बोलला. पर त्याच्या शेजारी लढला तो माझा आजा न्हवता. तो बंकट व्हता. ह्या छबुबाईचा बाप. माझ्या आज्याच्या नावानं तो गेलता."

गावात कुजबूज उठली आणि एकदम विझली. उत्तरेश्वरनं सगळं सांगितलं. कुऱ्हाडीशी आला तेव्हा ज्या म्हाताऱ्यांनी हात वर केले होते, त्यांतला एक जण आपलीच बोटं उपरण्याला पुसायला लागला. दाऊदमियाँ उभ्या जागी हलला. शिपायानं त्याला धरून खाली बसवलं.

"गोठ्यात?" तो पुटपुटला. "मी म्हणलं घरी जाऊन नीट हो. तो गोठ्यात मेला?"

साहेबांनी उत्तरेश्वरकडं बघितलं. मग हळू आवाजात काही बोलले. पेशकारानं मराठीत सांगितलं.

"साहेब विचारतात, तू बोललास त्याचा अर्थ तुला कळतो का? इनाम खोट्यावर घेतलं. जमीन सरकारात जमा होईल."

"व्हय," उत्तरेश्वर म्हणाला. "पर ती बंकटाच्या वारसाला द्यावी. लढला तो."

पेशकारानं साहेबांना विचारलं, साहेबांनी मान हलवली.

"बंकट नावाचा स्वार दफ्तरात नाही," पेशकार म्हणाला. "नाव नाही त्याला इनाम नाही. दरियाफ्त, चौकशी जमिनीची होती, ती झाली. खळ्यावरचं धान्य तुझं, तेवढं ने."

मागून छबुबाई पुढं आली. माणसांनी वाट दिली. ती साहेबापुढं उभी राहिली, पदर सावरला.

"जमीन नगं," ती म्हणाली. "नाव लिवा. बंकट. पळाला न्हाई, एवढं लिवा."

पेशकारानं लेखणी दौतीत ठेवली. "बाई, या कागदात ते बसत नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज कठोर नव्हता. साहेबांनी कागदावर सही केली, शिपायानं मोहोर आणली. अर्जुनराव उठला. त्याला हवं ते झालं होतं, पण कुणाच्या तोंडाकडं न बघता तो घराकडं निघाला. गावही पांगायला लागलं. जाताना एकदोघं शहादेवजवळ थबकले, काही बोलावं म्हणून; काही न सुचून पुढं गेले.

मनकर्णा उत्तरेश्वरच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"न्हाई," तो म्हणाला.

ती त्याच्यापासून दूर सरली नाही. दोघं तसेच उभे राहिले.

तंबूच्या दोऱ्या सुटायला लागल्या होत्या. दाऊदमियाँ वडाच्या मुळीवर बसला होता, काठी मांडीवर आडवी धरून. छबुबाई त्याच्यापुढं जाऊन जमिनीवर बसली.

"कोण हाय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"छबू."

दाऊदमियाँनं हात पुढं केला, पण तिला शिवायच्या आधी मागं घेतला.

"बाबा," छबुबाई म्हणाली, "म्या त्येला बघितला न्हाई. मायच्या तोंडून काय निघायचं न्हाई, अन् गाव सांगायचं ते मला ऐकवायचं न्हाई. दिसायला कसा व्हता मपला बाप?"

म्हाताऱ्यानं साय आलेले डोळे मिटले.

"बुटका," तो म्हणाला. "माझ्या काखेत मावायचा. काळा. हसला की वरचा एक दात पुढं यायचा, म्हणून तोंडावर हात धरून हसायचा."

"आजून?"

"घोड्याला लई भ्यायचा. पहिलं पाणी घोड्याला, मग आपल्याला; भीत भीत पाजायचा. गाणं म्हणायचा, पण एकच. कुठल्या तरी पाळण्याचं."

"म्हणून दावा," छबुबाई म्हणाली.

दाऊदमियाँनं आठवून बघितलं. पहिली ओळ त्याला येत होती, पुढची येत नव्हती. त्यानं तेवढीच म्हटली, फुटक्या आवाजात, पुन्हा पुन्हा. शहादेव खुंटांजवळून निघाला आणि आईच्या मागं येऊन अनवाणी उभा राहिला. शिपाई तंबूची घडी घालत होते. उत्तरेश्वर जायला निघाला होता, पण म्हातारा पुढं बोलायला लागला तसा तोही तिथंच, थोडा लांब, खाली बसला.